घरजावयाची वर्दी

थायलंड आणि व्हिएतनाम यांची हद्द एकमेकांना कुठेही लागत नाही. नकाशा उघडल्याशिवाय हे पटत नाही, कारण दोन्ही नावं आपण एका दमात घेतो आणि सहलवालेही दोन्ही देश एकाच जाहिरातीत बसवतात. मध्ये लाओस आहे, खाली कंबोडिया. पण लाओस एका ठिकाणी इतकं अंग चोरून उभं आहे, की थायलंडच्या नाखोन फनोम शहरातून मेकाँग ओलांडायची, पलीकडचं थाखेक मागे टाकायचं आणि पूर्वेचा रस्ता धरायचा; दीडशे किलोमीटरच्या आसपास व्हिएतनामचं नाकं येतं. पुण्याहून मुंबई गाठावी तेवढंच. २०११च्या नोव्हेंबरात नदीवर पूल झाला आणि होडीचीही गरज संपली. न्याहारी थायलंडात, दुपारचं जेवण लाओसात, रात्रीचं व्हिएतनाममध्ये. तेवढ्यात पासपोर्टावर चार शिक्के बसतात: इथून गेला, तिथे आला, तिथून गेला, पलीकडे पोचला.

या चार शिक्क्यांबद्दल कुणाचीच तक्रार नसते. आसियानच्या शेजारधर्मामुळे थाय माणसाला व्हिएतनाममध्ये आणि व्हिएतनामी माणसाला थायलंडात निदान महिनाभर तरी व्हिसा मागत नाहीत. २०२५च्या मे महिन्यापासून थायलंडला येताना आगमनाचा फॉर्म तेवढा फोनवर भरावा लागतो, बाकी या, बसा, खा, प्या. कुठल्याही सरकारला पाहुणा आवडतोच. पाहुणा पैसे खर्च करतो, देवळापुढे फोटो काढतो आणि ठरल्या दिवशी बॅग उचलतो. खरी पंचाईत होते ती पाहुणा रमला की. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे तो रमला आणि त्याने त्या घरच्या मुलीशी लग्न केलं. कालपर्यंत ज्याला हसून आत घेत होते, त्याला आज विचारतात, ‘आपण कोण?’

माझ्याबरोबर बँकॉकच्या ऑफिसात काम करणारी एक मुलगी मूळची नाखोन फनोमची. तिचा नवरा व्हिएतनामच्या न्घे आन प्रांतातला; विन्ह शहरात त्याचं केस कापायचं दुकान होतं. दोघं भेटले कसे, हे दोघंही वेगवेगळं सांगतात, म्हणून मी त्यात पडत नाही. लग्नानंतर तिने नोकरी सोडली आणि दोघं तिच्या माहेरी राहायला गेली. म्हणजे आपल्या हिशेबाने तो घरजावई. आपल्याकडे घरजावयाची थट्टा होते. तिथे त्याची नोंद होते, आणि थट्टेपेक्षा नोंद जास्त दिवस पुरते.

आधी लग्न व्हिएतनाममध्ये करायचा बेत होता. तिथल्या २०१४च्या कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्तीशी लग्न नोंदवायचं तर वधूवरांनी डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. रक्तगट वगैरे नव्हे. डोकं ठिकाणावर आहे आणि आपण काय करतोय हे या माणसाला समजतं, एवढंच त्यात असतं. लग्न ठरवणारा माणूस शुद्धीवर आहे का, हा प्रश्न आपल्याकडे मित्रमंडळी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता वरातीत नाचतात. व्हिएतनामचं सरकार वाट बघतं. माझ्या मैत्रिणीची दाखल्याला हरकत नव्हती. तिची आई मात्र म्हणाली, ‘मुलीने हा मुलगा पसंत केल्यावर असा दाखला कोण देईल?’ शेवटी थायलंडातच नोंदणी करायचं ठरलं.

त्यासाठी नवऱ्यामुलाने आपण अविवाहित असल्याचा कागद गावच्या जनसमितीकडून आणायचा. हा कागद मला फार आवडला. लग्न कुणाशी करायचंय, तिचं नाव आणि नागरिकत्व काय, हे त्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या कामाला तो चालत नाही, दुसऱ्या मुलीला तर नाहीच. ठरलेलं लग्न मोडलं आणि नव्याने दाखला हवा असला, तर आधी जुना परत करायचा. न केल्यास कारण सांगायचं. ‘सरकारी काम नि सहा महिने थांब’ ही आपली म्हण तिथे उलटी होते: सहा महिने थांबलात तर कागदच शिळा होतो. म्हणून तो गावाहून निघाला की पळापळ. बँकॉकच्या वायरलेस रोडवर त्यांच्या वकिलातीत शिक्का, मग थायमध्ये भाषांतर, मग चेंग वत्थना रस्त्यावर थाय परराष्ट्र खात्याच्या कचेरीत त्या भाषांतरावर शिक्का. म्हणजे पहिल्या शिक्क्याचा खरेपणा दुसरा शिक्का सांगतो आणि दुसऱ्याचा कोण सांगणार, हा प्रश्न विचारायचा नसतो.

खुद्द लग्नाला लागला तो वेळ सगळ्यात कमी. आम्फोच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीत एका टेबलापाशी दोघं बसली, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, बाईंनी रजिस्टर फिरवलं. कचेरीत येऊन नोंदवलं तर फी नाही. हातात नक्षीदार किनारीचा दाखला आला आणि त्यावर वर्ष २५६८. थाय सरकार बौद्ध शक चालवतं, म्हणजे आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. नवरदेवाचा जन्म विसाव्या शतकातला आणि लग्न सव्विसाव्यातलं. व्हिएतनामीत भाषांतर करणाऱ्याने वजाबाकी करायला विसरता कामा नये, एवढीच त्याची विनंती. शिवाय त्याचं नुएन आडनाव थाय लिपीत शिरलं ते बाहेर येताना वेगळंच होऊन आलं. आता थाय कागदावरचे नुएन आणि पासपोर्टवरचे नुएन एकच गृहस्थ, हे सिद्ध करणारा आणखी एक कागद त्याच्या फायलीत आहे.

हे लग्न व्हिएतनामच्या दप्तरातही चढवायला हवं. ते चढलं तरच तिला तिथली विशेष सवलत: पाच वर्षांपर्यंतचा व्हिसामाफीचा दाखला, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मुक्काम. या बाबतीत व्हिएतनाम मोकळ्या हाताचं आहे, जावई असो वा सून. दोघांनी कुठल्या जिल्हा कचेरीत जायचं, खिडकी कितवी, जेवणाची सुट्टी केव्हा, सगळी माहिती काढून ठेवली होती. आणि १ जुलै २०२५ला व्हिएतनामने जिल्हाच रद्द केला. एखादा जिल्हा नव्हे, ‘जिल्हा’ ही पायरीच. ६३ प्रांतांचे ३४ झाले, दहा हजारांवर ग्राम-प्रभागांचे ३,३२१ उरले. लोकशाही असो वा एकपक्षीय राजवट, कचेरी हलल्याची बातमी अर्जदाराला दारावरची पाटी वाचूनच कळते. जन्मदाखल्यावर छापलेला त्याचा जिल्हा आता अस्तित्वात नाही, गाव शेजारच्या गावात मिसळलं, आणि काम जिल्ह्याकडून खाली नव्या मोठ्या गावाकडे आलं. तो शांतपणे म्हणाला, ‘बायकोचा देश सापडला, माझं गाव हरवलं.’

आता पैशाची गोष्ट, आणि इथे मला थायलंडचा कायदा आपल्या एखाद्या कडक आत्याबाईंनी लिहिल्यासारखा वाटतो. परदेशी बाईने थाय पुरुषाशी लग्न केलं, तर वर्षभराच्या मुक्कामासाठी तिच्या बँकेतल्या पैशांचा पुरावा मागत नाहीत. नवरा पोसेल, असं कायद्याने धरलेलं आहे. परदेशी पुरुषाने थाय बाईशी लग्न केलं, तर मात्र त्याने थाय बँकेत स्वतःच्या नावावर चार लाख बाट दाखवायचे, तेही पहिल्यांदा दोन महिने आधीपासून पडून असलेले. नाहीतर महिना चाळीस हजारांचं उत्पन्न. चार लाख बाट म्हणजे आपले दहा लाख रुपयांच्या वर. डोंगमध्ये मोजलं तर आकडा तीस कोटींच्या पुढे जातो, आणि विन्हमधल्या न्हाव्याला तो आकडा नुसता ऐकूनसुद्धा बसावं लागलं. हे पैसे शेवटी आणले कुणी? बायकोने. तिने आपली साठवणूक, आईकडून थोडे आणि मावशीकडून थोडे असं करून त्याच्या खात्यात भरले. आपण बायकोला पोसू शकतो हे दाखवण्यासाठी नवऱ्याने बायकोकडून उसने घेतले. खात्याला हात लावायचा नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद आहे, आणि ती इमिग्रेशनच्या ताकिदीपेक्षा भारी पडते.

मुक्काम वाढवून घ्यायच्या अर्जाची फी १,९०० बाट. सोबत घराचा हाताने काढलेला नकाशा आणि फोटो. नकाशात देऊळ, पेट्रोल पंप, वळण सगळं दाखवायचं, म्हणजे साहेब तपासायला आले तर चुकायला नकोत. फोटो घरात हवेत, दारात हवेत, आणि दारातल्या फोटोत घराचा क्रमांक दिसायला हवा. मी ते फोटो पाहिलेत. दोघं फाटकाशी ताठ उभी, मध्ये ७ या आकड्यावर ऊन पडून चमकतंय. स्वयंपाकघरात तो कांदा चिरतोय, ती त्याच्याकडे बघतेय. आयुष्यात प्रथमच तो कांदा चिरतोय हे सुरीच्या पकडीवरून कळतं. आणि प्रत्येक फोटोत, कधी मागे, कधी कडेला, कधी अर्धीच, तिची आजी आहे. आजींना सांगितलं होतं, फोटो फक्त नवराबायकोचा हवा. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या फोटोतही आल्या.

अर्ज दिला की संपलं, असं नाही. दर ९० दिवसांनी ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ हे कळवायचं. आईकडे जायचं तर आधी परत येण्याचा परवाना काढायचा, एका वेळचे हजार बाट. तो न काढता सीमा ओलांडली तर वर्षभराचा मुक्काम तिथेच रद्द. यंदा तेतचा सण, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, १७ फेब्रुवारीला आला, तेव्हा या गृहस्थाने माहेरी जायला रीतसर पैसे भरले. आपल्याकडच्या सुनांनी हे वाचून हसावं की उसासा टाकावा, मला ठरवता येत नाही.

खरी गंमत वर्दीची. थायलंडच्या १९७९च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं. घर सासूबाईंच्या नावावर. तेव्हा जावई उंबरा ओलांडून आत आला, पाया पडला, आणि सासूबाईंनी चष्मा लावून त्याची वर्दी दिली. व्हिएतनामचा नियम त्याहून कडक: १२ तासांत, दुर्गम भागात २४. त्यामुळे सून पहिल्यांदा न्घे आनला गेली त्या रात्री सासरे जेवणं उरकून पोलिसांना कळवायला बसले. आता हे फोनवरून होतं म्हणा. पण दोन्ही व्याही एकमेकांच्या लेकरांची खबर सरकारला देतात, आणि ती वेळेवर दिल्याचं एकमेकांना कौतुकाने सांगतात, असं व्याहीपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ‘जावई हा दशमग्रह’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही सोय असती तर त्यांनी दहावा ग्रह रोज कुठल्या घरात आहे तेही नोंदवून ठेवलं असतं.

त्याच्या धंद्याचं काय, असं मी एकदा विचारलं. थायलंडात काही कामं फक्त थाय लोकांसाठी राखून ठेवलेली आहेत, आणि केस कापणं त्यात १९७९पासून आहे. विन्हमध्ये भिंतीला आरसा टांगून, एक खुर्ची टाकून, हा माणूस तासाला चार डोकी मोकळी करायचा. इथे त्याची कात्री, वस्तरा, पावडरीचा ब्रश एका कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेलं आहे. परवाना मिळेल अशी दुसरी कुठली नोकरी बघू, असं चाललंय. तोवर तो लोकांच्या मानेकडे बघतो. मी समोर बसलो की बोलता बोलता त्याची नजर माझ्या कानामागे जाते, जिथे माझ्या बँकॉकच्या न्हाव्याने घाई केलेली आहे. त्याची दोन बोटं हवेतच एकदा मिटतात आणि उघडतात. मग तो चहाचा कप उचलतो.

यांचं निदान दोन्ही देशांत लग्न आहे. त्यांच्या ओळखीत दोन मुलं आहेत, एक थाय, एक व्हिएतनामी. थायलंडात २३ जानेवारी २०२५पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला, तेव्हा ती दोघं आम्फोत जाऊन नवरा-नवरा झाली. विमानाने हनोईत उतरली की दोन मित्र होतात, कारण व्हिएतनामचा कायदा असं लग्न मानत नाही. त्यांना पाच वर्षांचा दाखला वगैरे काही नाही. महिनाभराचा पाहुणचार आहे. पाहुणा म्हणून कुणाचीच ना नाही, हे मी आधी म्हटलंच.

आता आजींकडे यायला हवं, कारण त्या फोटोंत अशाच आलेल्या नाहीत. आजी जन्माने व्हिएतनामी. १९४६च्या मार्चमध्ये फ्रेंचांनी नदीपलीकडच्या थाखेकवर हल्ला केला, तेव्हा तिथले व्हिएतनामी लोक जीव मुठीत धरून मेकाँग ओलांडून आले. नदीत किती राहिले हे आजी सांगत नाहीत. त्या तेव्हा आईच्या कडेवर होत्या. नाखोन फनोमला व्हिएतनामी वस्ती आधीपासून होतीच. १९२८-२९मध्ये खुद्द हो ची मिन्ह जवळच्या बान ना चोक गावात राहून गेलेले. तेही न्घे आनचेच. टोपणनावांवर देशोदेशी फिरणाऱ्या त्या माणसाने पत्त्याची वर्दी कुणाला दिली नसावी. पण त्यांच्यामागून आलेल्या हजारोंना ती पुढची कित्येक वर्षं द्यावी लागली. कुठल्या प्रांतात राहायचं ते ठरवून दिलेलं, दुसऱ्या प्रांतात जायचं तर परवानगी. शेजारच्या साकोन नाखोनला लग्नाला जायचं, तर नवरीच्या आधी पोलिसांना आमंत्रण.

१९५९ साली रंगूनला थाय आणि उत्तर व्हिएतनामच्या रेडक्रॉसमध्ये करार झाला आणि १९६०पासून बोटी हायफाँगला जाऊ लागल्या. हजारो परतले. जाताना त्यांनी नाखोन फनोमच्या नदीकाठच्या रस्त्यावर एक घड्याळाचा मनोरा बांधून दिला, आभाराचा म्हणून. तो अजून उभा आहे. चौदा वर्षं ताटकळलेल्या माणसांनी जाताना घड्याळ द्यावं, यात चिमटा होता की नाही, मला माहीत नाही. आजी म्हणतात, नव्हता. आजींच्या आईवडिलांचा नंबर लागण्याआधीच १९६४मध्ये बोटी बंद पडल्या. ती माणसं राहिली. मुलं इथेच जन्मली म्हणून थाय झाली, आणि १९७२च्या एका लष्करी फर्मानाने अशा मुलांचं नागरिकत्व गेलं. माझ्या मैत्रिणीची आई शाळेत थाय म्हणून गेली आणि एका डिसेंबरात परकी झाली. वर्ग तोच, बाक तोच. पुढे धोरण सैल होत गेलं, कागद हळूहळू परत आले. मैत्रीण जन्मली तेव्हा ती पक्की थाय होती, आणि आता तिने नवरा आणला तो पुन्हा पलीकडचा.

म्हणून जावई ९० दिवसांच्या फॉर्मवरून कुरकुरला, की आजींना हसू आवरत नाही. त्याची न्घे आनची बोली हनोईवाल्यांनाही जड जाते, आजींना ती अर्धीच कळते. पण ‘परवाना’ हा शब्द आला की पूर्ण कळतं. ‘नव्वद दिवस!’ त्या म्हणतात. ‘आम्हाला नव्वद दिवस दिले असते तर मी बँकॉक पाहून आले असते.’

मध्यंतरी इमिग्रेशनचे दोन साहेब खरोखरच घर बघायला आले. नकाशा बरोबर होता, पहिल्या फटक्यात सापडलं. बसले. घरात कै क्रता शिजत होता, म्हणजे कान असलेल्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तव्यात अंडी, वर व्हिएतनामी सॉसेजचे काप, बाजूला पाव. हा पदार्थ या भागात व्हिएतनामी लोकांनीच रुजवला. साहेबांनी आधी नको म्हटलं, मग घेतला. नवऱ्याला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून आणले होते: बायको सकाळी किती वाजता उठते, सासूबाईंचं नाव काय. त्यातला पहिला विचारायच्या आत आजी आतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. कुणी मागितली नव्हती. पिशवीवरचं दुकानाचं नाव पुसून गेलेलं, आत गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला दोन दोन रबर बँड. गणवेश दिसला की पिशवी काढायची, ही त्यांची सवय.

‘आजी, तुमचे नकोत,’ धाकटे साहेब म्हणाले, ‘या जावयाचे बघायचेत.’

‘बघा की. पण आधी हे बघून घ्या. नंतर म्हणाल, राहिलं.’

मग त्यांनी एकेक काढला. परक्या नागरिकाचं ओळखपत्र, साकोन नाखोनला जायची दोन दिवसांची परवानगी, मुलीची शाळेची नोंद, मुलीचं नाव खोडलेला कागद, नाव पुन्हा चढवलेला कागद. प्रत्येकाची हकिकत वेगळी, आणि हकिकत संपल्याशिवाय पुढचा कागद हातात देत नव्हत्या. थोरल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. धाकटे परवानगीवरचा शिक्का उजेडाकडे धरून कुठल्या सालचा ते वाचायचा प्रयत्न करत होते. दुसऱ्यांदा तवे आले, चहा आला, दुपार झाली. निघताना दोघांनी आजींना वाकून नमस्कार केला, फाटकाबाहेर गाडी वळवली आणि गेले.

नवऱ्याला प्रश्न विचारायचे राहूनच गेले होते. त्यासाठी पुढच्या आठवड्यात ते परत आले, आणि येताना आजींसाठी पपया घेऊन आले.